आधीची नोंद

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी तांबळला जातो.
महामंडळाची जीप साकवापर्यंत, पुढे पायी.
पिशवीत बाटल्या, चिठ्ठ्या, न पुसणाऱ्या शाईचं पेन
आणि पावतीपुस्तक, कारण गावातून फुकट काही घ्यायचं नाही
असा मुख्यालयाचा आदेश आहे.

बकरीचं दूध एक लिटर.
तिसऱ्या दोन किलो, शिंपांसकट.
नाचणी. शेवग्याचा पाला.
विहिरीचं पाणी, पहिला पोहरा ओतून दुसऱ्यातलं.
ओहोटीच्या खडकावरचं शेवाळ,
ते मी स्वतः खरवडतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
आणि वरून पोरं ओरडतात, ए अणू!

अणुभट्टी अजून कुठेच नाही.
सड्यावर कुंपण आहे, कुंपणाला गंज आहे,
फाटकावर एक बिहारी पहारेकरी आहे,
त्याला समुद्राकडे पाठ करून बसायची सवय लागली आहे.

कातळावर यंत्र ठेवलं की टकटक सुरू होते.
भिकाजी तळेकर काठी टेकून उभे राहतात.
'वाजतंय काय ता?'
दगडातलंच आहे आजोबा, इथलंच. माणसाच्या आधीपासूनचं.
'म्हंजे माज्या बापाच्या अंगात पन ता व्हतां?'
होतं.
ते बराच वेळ कातळाकडे बघतात.
'मंग त्येची पावती कोन देनार?'

बांगडे पाच किलो हुरमत सोलकरकडून.
तिचा इलियास बंदरात काळे झेंडे लावलेल्या होड्यांत होता,
तालुक्याच्या कोर्टात त्याला अजून तारखा पडतात.
मोबदल्याचा चेक तिनं तीनदा परत पाठवला.
माझ्या पावतीवर मात्र अंगठा उठवते,
शाई पदराला पुसते,
म्हणते, 'मासा इकला. जमीन नाय.'

प्रयोगशाळा म्हणजे सध्या पोस्टामागची भाड्याची खोली.
बांगडे सुकवायचे, मग भट्टीत, साडेचारशे अंशांवर, रात्रभर.
सकाळी डबीत मूठभर राख.
राखेला वास नसतो.
पहिल्या वर्षी मला याचंच नवल वाटायचं,
चाळीसेक बांगडे जळाले त्या खोलीत
तापल्या विटांखेरीज कसलाच वास नाही.
डबी शिशाच्या पेटीत जाते.
यंत्र साठ हजार सेकंद मोजतं.
मी आकडा वहीत उतरवतो.

साहेब म्हणतात, ही वही जप.
उद्या भट्टी पेटली, दहा-वीस वर्षं गेली,
की कुणीतरी ही वही काढील
आणि म्हणेल, बघा, आधीही होतंच.
दुसरा कुणी हीच वही काढील
आणि म्हणेल, बघा, आधी एवढंच होतं.
मी दोघांसाठी एकच आकडा लिहितो,
सातला वरून आडवी रेघ देतो, एक वाटू नये म्हणून.

आई विचारते, नक्की कुठल्या खात्यात आहेस?
मी सांगतो, मासळीच्या.

या मंगळवारी हुरमतनं तराजू उतरवला,
टोपलीतून आणखी एक बांगडा उचलला,
पिशवीत नाही, माझ्या हातात दिला.
'ह्यो वजनात नाय. तुजा. याला जालू नको.'

वहीत अशा माशाला रकाना नाही.
पावती फाडायला गेलो तर ती चिडली.

रात्री भट्टीचा काटा चढत होता तेव्हा
शेजारच्या स्टोव्हवर मी तो शिजवला,
चार तिरफळं ठेचून, आगळ जरा जास्तच पडलं.
उभ्यानंच खाल्ला, काटे खिडकीतून मांजराला.
पलीकडे तिचेच पाच किलो राख होत होते,
काहीही वास न येता.

सकाळी डबीवर तारीख घातली, गावाचं नाव घातलं.
बोटांना अजून
बांगड्याचा वास होता.