दीड मिलिमीटर

कात्रजच्या जुन्या बोगद्याआधी, तिसऱ्या वळणावर
कपाटाचं दार उघडलं आणि डबे चालू लागले.
कुंदा म्हणाली, थांबवा, मागे कुणीतरी आहे.
कुणी नव्हतं.
होतं ते जीपला जोडलेलं आमचं दोनचाकी घर,
फंडाच्या पैशांचं, निळ्या पट्ट्याचं,
आणि त्याच्या पोटातून रस्त्यावर रवा सांडत होता
बारीक रेघेत, थेट आंबेगावपासून.

फट घरी येऊन मोजली.
व्हर्नियर अजून आहे माझा,
देव्हाऱ्याखालच्या खणात, तेल लावून, मलमलीत.
एकतीस वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनला काढली.
दीड मिलिमीटर.
रवा गेला, मोहरी अडकली.
गो, नो-गो.
गेज विकत आणायची गरजच नव्हती.

मग पार्किंगमध्ये टपावर पाइप सोडला.
सेक्रेटरी गॅलरीतून ओरडला, पाणी सोसायटीचं आहे!
चार मिनिटं दहा सेकंद.
पहिला थेंब कुंदाच्या उशीवर.
स्क्रूच्या भोकांत सीलंट नाही,
प्लायच्या कडेला रंग नाही,
चहात राहिलेल्या बिस्किटासारखी फुगलेली कड
बोटाने दाबली तर बोट आत.

कुदळवाडीच्या शेडमध्ये टेमगिरे शेठनी
आधी चहा सांगितला.
काका, हाताचं काम आहे, उन्नीस-बीस व्हायचंच.
प्लाय आमचा नाही, पिरंगुटहून येतो.
पिरंगुटवाला म्हणाला, चासी वाकडी.
चासीवाला म्हणाला, लोड जास्त.
लोड म्हणजे आम्ही दोघं, एक गॅसची शेगडी,
आणि कुंदाचे डबे.
वॉरंटी आहे की काका, एक वर्षाची.
फक्त पाण्याला नाही.
आणि रस्त्याला.

कार्डावर जांभळा शिक्का होता: तपासले, ओके.
खाली सही, झुरळ शाईतून चालत गेल्यासारखी.
ही कुणाची?
हाक गेली. हणमंत आला, देगलूरचा,
मिशी नुकती कुठे ठरवत होती यायचं की नाही.
हातात सीलंटची बंदूक, रिकामी.
शेठ फोनवर वळल्यावर हळूच म्हणाला,
सर, एका गाडीला चौदा ट्यूब लागत्यात.
भेटत्यात दोन.
शिक्के सोमवारीच मारून ठेवतो, आठवड्याचे.

तेव्हा मी ओरडायला हवं होतं.
तयारीनेच गेलो होतो,
वाक्यं रिक्षात पाठ केली होती.

पण एक मार्च महिना मध्ये आला.
एकतीस तारीख, रात्रीचे सव्वाअकरा,
गेटवर ट्रक चालू, चारशे ब्रॅकेट पेटीत,
भोक मोठं, फार नाही, केसभर.
साहेब फक्त म्हणाले, बघा जरा.
मी बघितलं.
आणि शिक्का फुंकर मारून ओला केला.
ते ब्रॅकेट कुठल्या गाडीत बसले, कुठल्या घाटात,
कुणाचे डबे चालू लागले,
विचारायला कुणी व्हर्नियर घेऊन
भोसरीला आलं नाही.
घड्याळ मिळालं मला निरोपाला. चालतंय अजून.

ग्राहक आयोगाच्या अर्जात टेमगिरेंचं नाव घातलं,
कंपनीचं घातलं.
वकील म्हणाले, सही ज्याची आहे तोही घ्या,
केस घट्ट होते.
नको म्हटलं.
का, म्हणाले.
म्हटलं, त्याला ट्यूब दोनच मिळतात.
मला तर सगळी मिळत होती,
हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

तारीख पडली आहे, पुढच्या गुरुवारची. तिसरी.
गाडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली.
काल कुंदा झाडू घेऊन आत गेली
आणि तिथूनच हाक मारली, अहो, हे बघा.
फटीत अडकलेल्या मोहरीला
मोड आला होता.
ती उपटणार, तेवढ्यात म्हटलं,
राहू दे.
पुरावा आहे.