शेवटचा रकाना

लासलगावच्या बाजार समितीत बाबा मापाडी.
कानामागे पेन्सिल, खिशात वजनपट्ट्यांचं बुक.
त्यातलीच एक पट्टी उलटी करून
एसटीत बसल्या बसल्या त्यांनी रेघा मारल्या:
भाडं. पाणी. जेवण. गेट किती वाजता.
आणि शेवटी एक रकाना, वर काहीच न लिहिता.
निफाडच्या खड्ड्यांनी तो जरा वाकडाच आला.

'हा कशाचा?'
'असू दे. लागतो एखादा.'

कॉलेजचं होस्टेल कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत.
गेटवर पाटी: पुरुषांना प्रवेश नाही.
वॉचमननं बोट दाखवायच्या आधीच
बाबांनी पायातली चप्पल काढली होती,
ती परत घातली.

मी एकटी आत.
एका खोलीत तिघी. गरम पाणी सव्वासहापर्यंत,
पुढे जिचं तिचं नशीब.
एका कपाटाच्या दाराला आतून टिकल्या,
लाल, मरून, एक चंदेरी,
कुणीतरी वर्षभर रात्री कपाळावरून काढून लावलेल्या.
मी मोजायला लागले, तर रेक्टरबाई म्हणाल्या,
दुसरी यादी लागू दे आधी, मग बघ कपाटं.

गंगापूर रोडला डुंबरेकाकू, कॉट बेसिसवर.
फरशी अशी की आपलेच तळवे दिसावेत.
फ्रिजला कुलूप. वायफायचा पासवर्ड त्यांच्या नातवाचं नाव.
'आणि कांदा आमच्यात चालत नाही हं.'
बाहेर येऊन बाबांना सांगितलं,
तर भर रस्त्यात थांबून हसले
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
जेवणाच्या रकान्यात मोठं शून्य काढलं
आणि त्याला गोल गोल पाती जोडल्या.

जेल रोडची इमारत नवीकोरी.
लिफ्टच्या आरशावर अजून प्लॅस्टिक.
भाडं मी बाहेर येऊन सांगितलं.
बाबांनी आकडा लिहिला नाही,
नुसती पेन्सिल टेकवली. ठिपका उमटला.

पंचवटीत ट्रस्टचं वसतिगृह.
खिडकीतून गोदावरी दिसेल असं वाटलं होतं,
दिसला लॉजचा मागचा जिना
आणि वाळत घातलेल्या तेवीस पांढऱ्या चादरी.
साडेसातला गेट बंद.
सुरगाण्याची मंजुळा गावित केस विंचरता विंचरता म्हणाली,
'डाळ पातळ असते. पंख्याचा आवाज येतो.
पण रात्री उलटी झाली तर कुणीतरी उठतं.'
हे कुठल्या रकान्यात घालायचं
मला कळेना. मी सांगितलंच नाही.

ठक्कर बाजारला बस यायला वेळ होता.
अर्धा अर्धा चहा. पट्टी बाबांच्या मांडीवर.
चार ठिकाणं मी आतून पाहिली,
ती चारही त्यांनी बाहेरून.
बिननावाच्या रकान्यात
कॉलेज रोडसमोर फुली, काकूंसमोर फुली,
जेल रोड कोरा,
पंचवटीपुढे पेन्सिल दाबून एक बरोबरची खूण.
मला वाटलं, पैसे.
पैशांचं बोलायचं नसतं म्हणून नाव दिलं नसेल.

ऑगस्ट आहे आता.
डाळ पातळ आहे, अगदी मंजुळानं सांगितली तेवढी.
साडेसातच्या गेटापायी
नाटकाच्या तालमी मी अर्ध्यावर सोडून येते.
सोमवारी दुसरी यादी लागली,
माझं नाव चौदावं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.
त्या टिकल्या अजून असतील का कपाटात,
की नवीन मुलीनं खरवडल्या?

आज बाजार बंद. मंजुळानं जिन्यातून हाक मारली,
'तुझे बाबा आलेत.'
गेटाबाहेर लिंबाखाली सिमेंटचं बाकडं आहे,
कुणाच्या तरी स्मरणार्थ, नाव झिजलेलं.
कॉलेज रोडला तिथे दुचाक्या लागतात.
गंगापूर रोडला गुलाबाच्या कुंड्या.

बाबा एका टोकाला बसलेले.
तळहातावर पेरूची पिशवी तोलत म्हणाले,
'किलो म्हणून दिलेत.
नऊशेच्या वर भरायचे नाहीत.'
मग बाकाच्या उरलेल्या अर्ध्यावरची पानं झटकली
आणि थोडे आणखी सरकले.

शुक्रवारचं मी अजून सांगितलेलं नाही.
पेरू आतून गुलाबी निघाला.