शेजारी

साल्तो गावात, नदीकडच्या नोटरीच्या कचेरीत
दर दहा वर्षांनी मी दोन खुर्च्या पुसून ठेवतो.
एक आर्रेचेआसाठी, एक सुनीनोसाठी.
दोघेही येर्बा विकतात, तीच हिरवी कडू पूड,
ब्राझीलहून येते, बहुधा एकाच ट्रकमधून.
पाकिटांचे रंग निराळे.
शब्द मात्र दोन्हींवर एकच: वेसीनो.
म्हणजे शेजारी.

आधी कोणी छापला, हा खटला
थोरल्या आर्रेचेआच्या लग्नात सुरू झाला
आणि त्याच्या मोतीबिंदूपर्यंत चालला.
शेवटी वकीलच कंटाळले. म्हणाले,
दोघांचा करून टाका, तिसऱ्याला मिळायला नको.

शेतात बांध घालता येतो,
विहिरीवर पाळ्या लावता येतात.
शब्दाचं काय करणार?
सोमवार ते बुधवार याचा, पुढे त्याचा?
'अविभाज्य', मी टाइप केलं,
कागद सरळ बसेना म्हणून दोनदा.

सही करताना ते एकमेकांकडे बघत नाहीत.
पेन एकच. एकाने टेबलावर ठेवायचं,
दुसऱ्याने टेबलावरून उचलायचं.
इथे रस्त्यावरचा अनोळखी माणूसही
आपल्या भोपळ्यातली नळी पुढे करतो, घे, दोन घोट घे.
हे दोघे आपापला थर्मास घेऊन येतात
आणि येर्बा विकणारे दोघे
कोरड्या घशाने घरी जातात.

यंदा तिसरी खुर्ची लागली.
ओडिला पिंतोस, स्टेशनामागे पाव भाजते.
पाटीवर 'ला वेसीना', शेजारीण.
नोटिशीच्या घडीत पीठ अडकलेलं.
वकील म्हणाले, स्त्रीलिंगही मालकीतच येतं.
"मग समोरच्या बाईला मी सकाळी काय म्हणू?"
म्हणायला हरकत नाही, बाई. विकायला आहे.
"मी पाव देता देताच म्हणते.
मधे कुठे थांबू?"

याला उत्तर नव्हतं.
पण त्या क्षणी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
आर्रेचेआने सुनीनोकडे पाहिलं
आणि दोघांनी मिळून नकारार्थी मान हलवली.
किती सारखी हलते ती मान!

ओडिलाच्या पाटीवर आता फक्त 'ला' उरलंय.
ला म्हणजे ती.
कोण ती, ते चुन्याखाली.
पाव दुपारपर्यंत संपतात.

त्या संध्याकाळी कुलूप लावून मी निघालो.
डाव्या फुटपाथवर आर्रेचेआ, उजव्या फुटपाथवर सुनीनो,
मधे मी, बगलेत फाइल.
मागून कोणीतरी ओरडलं,
"ए वेसीनो!"
तिघेही वळलो.
ते मालक म्हणून वळले की सवयीने, देव जाणे.

हाक मला होती. नव्या पोस्टमनची.
माझी छत्री कचेरीच्या पायरीवर राहिली होती
आणि त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं.