जमा

आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात येतात,
गोणपाटात, जुन्या लुगड्यात, एक तर चक्क
बाळाच्या दुपट्यात गुंडाळून,
एसटीच्या मागच्या बाकावर आडव्या पडून.
मी पावती फाडते, दस्त्याला चिठ्ठी बांधते:
परवाना क्रमांक, गाव, कारण शेतीसंरक्षण.

"एकदाच उडता ही, बाय," पुनाजी घाडी सांगतो,
"मगे दुसरो बार ठासीसर
डुकराच्या तोंडाकडे बघीत रवाचा."
"आणि डुक्कर?"
"तो पण बघता."

मालखान्याच्या भिंतीला आता एकसष्ट उभ्या आहेत,
एकमेकींना टेकून,
दवाखान्याच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारख्या.

दाऊद सोलकर तेलाची बाटली घेऊन येतो.
त्याच्या आज्याचा आजा म्हणे
गडावरच्या तोफांचे कान साफ करायचा.
तोफेला कान असतो, ऐकायला नाही, पेटवायला.
त्यातली एक वाघोटनच्या खाडीत, धक्क्यावर
तोंड खाली करून पुरलीय. होड्या तिला बांधतात.
कानात बारकी कुर्ली राहते.

"आधी जामगी," दाऊद बोटं मोडतो, "पेटती दोरी.
पावसात विझायची. चार महिने दर्याही बंद, लढाईही बंद.
मग गारगोटी. ठिणगी पडली तर पडली.
मग टोपी, ही बघा, टिकलीएवढी.
मग काडतूस. मग..."
माझ्या खांद्याकडे बघून तो तेलाचं बूच लावतो.

पुढचं मी रात्रपाळीला एकटीच पुरं करते.
सोरा, गंधक, रुईचा कोळसा,
शेकडो वर्षं दारू तीच.
कमी होत गेला तो दोन बारांमधला वेळ.
रंजक ओतायची, गज घालायचा, फुंकर मारायची,
तेवढ्यात डुक्कर पळायचं,
कुणी ओरडायचं, अरे थांब, मी आहे,
धूर निवळायचा आणि समोर कोण होतं ते दिसायचं.
हुशार माणसांनी, घरी पोरंबाळं असलेल्यांनी,
दिव्यापाशी बसून नेमका तो वेळ
कानशीनं घासला.
माझ्या खांद्यावरच्या हिच्यात तो उरलाच नाही.
वर्षातून एकदा सरावाला झाडते,
मोजायला लागेपर्यंत संपलेल्या असतात.

काल बावन्न नंबरची भरलेली निघाली.
गज आत सोडला तर वीतभर जास्तच बाहेर राहिला.
दाऊदनं हात वर केला, सगळ्यांना बाहेर घालवलं,
मला नाही.
नळीत पाणी ओतलं, तासभर गप्प बसला,
मग गजाला स्क्रू लावून
विहिरीत पडलेली कळशी काढावी तसं
एकेक वर आणलं:
काथ्याचा बोळा,
छर्रे, त्यातले तीन सायकलचे,
कागदाचा बोळा,
आणि दारू, चहाच्या चोथ्यासारखी.

मालक धाकू राऊळ. बाकावर बसलेला.
"ठासून ठेवलेलंय, बाय. आठव रवली नाय."
कुणासाठी, हे विचारणं माझ्या कामात येतं.
"डुकरासाठी," तो भिंतीला म्हणाला.
त्याचा आणि भावाचा बांधावरच्या फणसावरून
अर्ज आहे आमच्याकडे, मार्चपासून.

कागद मी ताटलीत उलगडला.
चौकडी वहीचं पान. शाई फुटलेली.
पोराच्या अक्षरात भागाकार,
भावाच्या पोराचा की ह्याच्या, अक्षरावरून कळत नाही.
बाकी लिहायची राहिलीय.

पंचनाम्यात रकाने तीन: शस्त्र, दारूगोळा, इतर.
कागद इतरमध्ये घातला.

"इलेक्शन झाल्यार परत गावतली मां?"
"मतमोजणीनंतर," मी म्हणते,
आणि पावतीवरची तारीख
जरा सावकाश लिहिते.