तळघरातल्या दोघी

डुलुथमध्ये जानेवारीत खिडकी कुणी उघडत नाही.
मी उघडतो. चार बोटं. रात्री अकरानंतर.
पुठ्ठ्याचा बोगदा चिकटवलाय चौकटीला,
सुपीरियरवरचा वारा थेट डब्याच्या तोंडात जावा म्हणून.
बाहेर फॅरनहाइटचं शून्य,
आत सेल्सिअसमध्ये थोरली एक्क्याऐंशीवर.

एकाच दिवशी आणल्या दोघी, एकाच दुकानातून,
खोक्यांवरचे नंबरसुद्धा लागोपाठचे.
पण वाळू शेवटी वाळू.
धाकटी अकराशे मिलिव्होल्टवर गुणगुणत पळते,
थोरलीला त्याच वेगाला पंच्याहत्तर जास्त लागतात,
त्यात ती वरच्या खाचेत:
धाकटीचा उच्छ्वास तोच तिचा श्वास.

तेरा मेगाहर्ट्झ चढवतो. थांबतो. बघतो.
पडद्यावर तेच लवदार कडं गरगरत राहतं.
वीस मिनिटं काहीच नाही.
एकविसाव्याला कोपऱ्यात एक हिरवा ठिपका,
भातात खडा लागावा तसा,
मग अंधार.
मी वहीत लिहितो: वेळ, वेग, व्होल्ट, मेली.
मेलेली नसते. रुसलेली असते.
कळ दाबली की उठते.

आज बाराशे.
कारखान्याने घातलेलं कुलूप मी रविवारीच काढलंय.

साडेबाराला बटण दाबलं
आणि सगळं घरच गेलं.
वर बर्निस ऑल्स्रुड यांचा हीटर, खाली माझ्या दोघी,
आणि वायरिंग त्यांच्या लग्नाहून जुनं.
जिन्यात टॉर्च. लोकरी बूट. हातात कॉफीचा डबा,
डब्यात फ्यूज.
वाटलं, संपला भाडेकरार.
त्या म्हणाल्या, "कसलं इंजिन चालवतोस रे इथे?"

दाखवलं.
त्यांनी हीटर बंद करून यायला पाच मिनिटं घेतली,
येताना आर्विडचा स्क्रू-ड्रायव्हर आणला.
खनिजाच्या बोटीवर तेलपाणी बघायचा तो, एकतीस वर्षं;
बेअरिंग डोळ्यांनी कधी तपासलं नाही म्हणे.
टोक पत्र्याला, लाकडी मूठ कानाला,
बर्निसबाई वाकल्या.
मला वाटलं, ऐकू काय येणार, चिलटासारखी एक किणकिण!
बराच वेळ.
"वरची दमते," म्हणाल्या,
"आणि खालची तिच्यासाठी थांबत नाही."

हे मला ठाऊक होतं.
सात महिने ठाऊक होतं.
पण पडद्याची तार वरच्या खाचेला,
ते मानाचं पान,
आणि थोरलीसाठी मी आधी पैसे मोजले होते.
माणूस असल्या गोष्टींवरून अडतो.

दीड वाजता स्क्रू काढले.
थोरली खाली, गार हवेच्या तोंडाशी. धाकटी वर.
मधला पूल पुन्हा जोडला. चाळीस मेगाहर्ट्झ उतरवले,
व्होल्ट उतरवले तेव्हा बोट जरा रेंगाळलं.
अडुसष्ट.
ठिपका नाही. चाळीस मिनिटं, तरी नाही.
आकडा माझ्या उच्चांकाला तीनशे बारांनी कमी.
तो मी वहीत लिहिला,
पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

तोवर बर्निसबाई कपड्यांच्या टोपलीवर बसलेल्या,
बूट काढून, पाय डब्याच्या पाठीशी,
जिथून गरम झोत येतो.
"यावर खेळतोस काय?"
"काहीच नाही."
"मग?"
कडं गरगरत होतं. मी त्याच्याकडे बघितलं.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
आर्विडही सुट्टीत गॅरेजमधलं एक मोटर उघडायचा,
पुसायचा, मिटवायचा, म्हणाल्या,
ते कुठल्या बोटीला बसवलेलं नव्हतंच.

जाताना जिन्यावरून:
"माझं स्वयंपाकघर याच्या बरोबर वर आहे.
हे असंच चालू राहू दे,
मी हीटर लावत नाही.
पण ती खिडकी तेवढी बंद कर."

केली.
एकाहत्तर. बहात्तर.
चौऱ्याहत्तर.
तिथे थांबली.