हींव

पौष महिना. कलमांना थंडी हवी होती, ती आली.
हापूसच्या शेंड्याशेंड्यावर मोहोर, तुडतुडा त्याच्या मागावर,
आणि नेमका फवारणीला आमचा छोटा ट्रॅक्टर
सकाळी सातला पांढरा धूर ओकत उभा.

तसा चालू होतो. नाही असं नाही.
पण चालू झाला की खोकतो,
आणि धूर जांभ्याच्या गडग्यापर्यंत जाऊन
तिथेच बसून राहतो.
डोळे चुरचुरतात. वास कच्च्या डिझेलचा.
मंदाकिनी म्हणाली, डासांची गाडी आणलीत काय?

मला जे येत होतं ते केलं.
फिल्टर बदलला. टाकीच्या तळाचं डिझेल
बाटलीत धरून उजेडात बघितलं: पाणी नाही.
नोझल काढून फडक्यात गुंडाळले,
मांडीवर घेऊन एसटीने कणकवलीला नेले,
मशिनवर पारखले. फवारा स्वच्छ.
चारशे रुपये, आणि परत तोच धूर.
मग रेडिएटरसमोर गोणपाट बांधलं.
त्याला जरा बरं वाटलं.
का, ते मी विचारलं नाही.

शेवटी देवगड बंदरावरून इनास आल्मेडा आला.
जन्म ट्रॉलरच्या पोटात गेलेला माणूस, एक कान त्याला कमीच ऐकू येतो.
पाना त्याने पिशवीतून काढलाच नाही.
ऑइलची पट्टी ओढली, बोटावर चोळली, हुंगली:
"पातळ झाला हा. डिझेल उतारता खाली."
मग इंजिन सुरू करायला लावलं
आणि वरच्या होजवर तळवा ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
पाच मिनिटं बोलला नाही.

"बघ, हात लाव. सुरवातीपासून कोमट.
ह्यो आधी गार रवाक होयो. मगे एकदम चटको.
ह्येका ताप नाय रे, हींव भरला हा.
अर्धा डिझेल जळाताच नाय, तसाच भायर पडता."

दोन बोल्ट. झाकण उचललं.
आत वाटीएवढी जागा, गोल, रिकामी.
"कोणी काढल्यान?"

मियाच.
दोन वर्षांमागे, मे महिन्यात,
पेट्यांचा ट्रेलर घेऊन घाटी चढताना काटा लालात गेला
आणि टपरीवर कुणीतरी सांगितलं:
थर्मोस्टॅट काढून फेक, कोकणात कशाला लागतो.
फेकला नव्हता. आमच्यात काही फेकत नाहीत.
गोठ्याच्या वाशाला टांगलेल्या करवंटीत
गंजक्या खिळ्यांबरोबर तो होता.

इनासने त्याला आमसुलाने घासला,
सुतळी बांधून
मंदाकिनीच्या पेजेच्या टोपात सोडला.
(ती बघत राहिली. टोप नंतर तिने घरात घेतला नाही.)
पाणी सळसळलं. काही नाही.
बुडबुडे आले. काही नाही.
मी म्हटलं, मेला असेल.
मग ते इवलं पितळी तोंड
वाफेवर तिसरी उघडावी तसं
हळू उघडलं.
"जिवंत हा," इनास म्हणाला, आणि चहा मागितला.

गॅस्केट आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याचं.
छापलेल्या आंब्याचा देठ बरोबर बोल्टच्या भोकात गेला.

काटा हलायला बारा मिनिटं लागली.
धूर आधी विरळ झाला,
मग सायलेन्सरच्या तोंडाशी
नुसती हवा थरथरताना दिसली.
तोवर साडेदहा वाजले होते, वारा सुटला होता,
फवारणी उद्यावर.

जाताना गडग्यापाशी थांबून त्याने विचारलं,
"आणि मे महिन्यात तो कित्याक तापलो हुतो,
ता बघलंस?"

नव्हतं बघितलं.

आता ब्रश घेऊन रेडिएटरसमोर बसलोय.
पात्यांमधून वाळलं गवत निघतंय, कुसळं,
कधीचा तरी मोहोर, काळा पडलेला,
एक मधमाशी, अख्खी.
अजून अर्धी जाळी बाकी आहे.