शटर, दोन मिनिटं

अदिस अबाबात, बोलेच्या रस्त्याला लागून
निलगिरीच्या वाशांची परांची चढतेय.
खिळे वाकडे, वासे त्याहून वाकडे.
दर सोमवारी मी त्याच कोपऱ्यात तिपाई रोवतो.

कंपनीची अट एकच : इमारत दिसावी, माणसं नकोत.
सोपं आहे. भिंगावर काळी काच चढवायची,
शटर दोन मिनिटं उघडं ठेवायचं.
जो हलतो तो उमटत नाही.

त्या दोन मिनिटांत
चाळीस जण वर गेले, खाली आले,
घमेली, सळ्या, शिव्या,
कुणाचं तरी अर्धवट गाणं.
फोटोत नुसतं काँक्रीट,
आणि तिसऱ्या मजल्याच्या कडेला
पुसल्यासारखं काहीतरी.

झुरियाशला दाखवला. नऊ महिने ती इथं वाळू वाहते.
मान तिरकी करून म्हणाली,
"ही भिंत माझ्या डोक्यावरून गेलीय. मी कुठाय?"
मी काळ्या काचेचं सांगू लागलो.
निम्म्यातच तिला कळलं.

पुढच्या सोमवारी
शटर उघडलं तशी ती
भर उन्हात घमेलं पालथं घालून
त्यावर बसली, पांढरी शाल कपाळापर्यंत ओढून.
मुकादम बोंबलत होता.
तो आला नाही फोटोत.

कंपनीचं पत्र आलंय :
चित्र उत्तम. फक्त ती बसलेली बाई काढा,
कामाच्या वेळी बरं दिसत नाही.

पैसे अडलेत. पत्र खिशात आहे.
आज सोमवार.
काळी काच घरी विसरलो
असं सांगणार आहे.